दावा नंबर माहीत नाही

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातल्या एका बाईंना वाटणीच्या दाव्याचा निकाल हवा होता. दावा सासऱ्यांनी लावलेला, १९७०च्या आगेमागे. सासरे गेले, मग नवराही गेला, आणि पेटीत जपून ठेवलेली निकालाची नक्कल वाळवीने खाल्ली. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून गेला तेव्हापासून या पट्ट्यातल्या कोरडवाहू जमिनीलाही भाव आला आहे. जमिनीला भाव आला की भावकीला जुने हिस्से नव्याने आठवतात. बाईंच्या नोंदीवर हरकत आली. तलाठ्याने सांगितलं, कोर्टाचा हुकूमनामा आणा. कोर्टाच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न आला, दावा नंबर काय, साल कोणतं? बाईंना दोन्ही ठाऊक नव्हतं. अर्ज न देताच त्या घरी परतल्या.

त्यांचं काम ज्या मुलीकडे आलं ती मेहकरला वकिली करते. तिच्या वडिलांचे एक मित्र कोर्टाच्या नक्कल विभागात उभी नोकरी करून निवृत्त झाले आहेत. ती त्यांना काका म्हणते, ते तिला बाई म्हणतात, वऱ्हाडात लेकीला म्हणतात तसं. या एका नक्कलेवरून दोघांचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही खरी अडचण बराच वेळ दोघांच्या नजरेतून सुटली, असं मला वाटतं.

सुरुवात तिनेच केली. "काका, निकाल भरल्या कोर्टात वाचून दाखवतात. पुकारा व्हरांड्यात होतो, साऱ्या आवाराला ऐकू जातो. मग तोच निकाल कागदावर मागितला की कारण लिहा, प्रतिज्ञापत्र जोडा, हे कशासाठी? १८७२च्या पुरावा कायद्यातच कोर्टाच्या अभिलेखाला सार्वजनिक दस्तऐवज म्हटलंय. नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ला लागू झाला, त्यातही ते तसंच आहे."

"म्हटलं हाय, पण पुढचं बी वाच ना बाई. ज्या माणसाले तो कागद पाहाचा हक्क हाय त्याले फी घेऊन नक्कल द्या, असं हाय ते. रस्त्यानं जाणाऱ्या कोणाले बी द्या, असं नाही. अन् निकाल येगळा, बस्ता येगळा. बस्त्यात वादपत्र असते, कैफियत असते, रोजनामा असते, साक्षी असतेत, निशाणी टाकलेले कागद असतेत. त्या कागदाइत लोकायचं सारं घर असते."

"मग माहितीचा अधिकार कशाला आला? दहा रुपये भरायचे, तीस दिवसांत उत्तर. कारण सांगायची गरज नाही, असं त्या कायद्यातच लिहिलंय."

"तो रस्ता सुप्रीम कोर्टानं बंद केला. ४ मार्च २०२०. गुजरात हायकोर्टाचं प्रकरण होतं."

तो निकाल दोघांनाही पाठ होता. गुजरातच्या माहिती आयोगाने उच्च न्यायालयातल्या प्रकरणाचे कागद माहिती अधिकाराखाली द्यायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की न्यायालयीन कागदांच्या नकला हव्या असतील तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या. त्या नियमांत पक्षकाराला नक्कल सरळ मिळते. बाहेरच्या माणसाने मात्र अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देऊन, कागद कशासाठी हवा ते सांगायचं. न्यायालयाचे नियम आणि माहितीचा कायदा यांत विरोध नाही, मिळण्याची वाट फक्त निराळी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

"वाट निराळी, पण ती किती लांबची, ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "संग्रामपूरचा माणूस बुलढाण्याला यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते. त्यात कारण पटलं नाही तर अर्ज नामंजूर. कारण पटवायचं कुणाला? ज्याच्या ताब्यात कागद आहे त्यालाच."

"कारण इचारतेत म्हणून तुले राग येते. मी खिडकीच्या आतून पायलं, म्हणून मले येत नाही." काका इथे सावकाश बोलले. "फारकतीच्या केसचे कागद मांगाले कोण येते, सांगू? ज्याचा केसशी काई संबंध नाही असा भावकीतला माणूस. पोरीचं दुसरं लगन जमून रायलं असते, अन् याले ते मोडाचं असते. डॉक्टरचा दाखला, चिठ्ठ्या, उलटतपासात इचारलेलं नाही नाही ते. ते कागद मोबाईलवर गेले का एका रात्रीत साऱ्या गावच्या ग्रुपवर फिरतेत. शहरात माणूस गर्दीत लपते. आपल्या गावात कुठं लपंल?"

मला हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी प्रकरणं बंद दाराआड चालतात. त्यांतला मजकूर छापणं बेकायदा आहे, अपवाद फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, तोही परवानगी घेऊन. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. ती हयात नसली तरी तिचं नाव सहसा उघड करता येत नाही, हे निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. ज्या गावात आडनावावरून घर कळतं आणि घरावरून माणूस कळतो, तिथे नुसतं नाव खोडून भागत नाही. गावाचं नाव आणि घटनेची तारीख राहिली तरी ओळख पटते.

पण मुलगी वाटणीच्या दाव्याबद्दल बोलत होती, फारकतीच्या नव्हे. तिने तेच धरलं.

"काका, अपवाद दाखवून तुम्ही सगळंच बंद करता. मिरजकरांचं प्रकरण आठवा. १९६६. नऊ न्यायाधीश बसले होते आणि त्यांनी सांगितलं, न्याय उघड्या दारानेच व्हायला हवा."

"अन् मिरजकर हारले, ते सांग ना."

हेही खरंच आहे. नरेश श्रीधर मिरजकर 'ब्लिट्झ'चे वार्ताहर. मुंबई उच्च न्यायालयात एका बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने धंद्याचं नुकसान होईल म्हणून विनंती केली आणि न्यायमूर्ती तारकुंड्यांनी त्याची साक्ष वृत्तपत्रांत येऊ नये असा तोंडी हुकूम दिला. मिरजकर आणि इतर पत्रकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. बहुमताने उघड्या न्यायदानाचं तत्त्व मान्य केलं, पण न्यायासाठी गरज पडली तर प्रसिद्धी रोखण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे असंही ठरवलं आणि याचिका फेटाळल्या. एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला वेगळ्या मताचे होते. आज साठ वर्षं होत आली तरी काका आणि ही मुलगी त्याच निकालाच्या दोन बाजू धरून बसले आहेत.

ती लोणारवर आली. "२०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सरोवर वाचवण्यासाठीची याचिका नागपूर खंडपीठात २००९पासूनच चालू होती. त्यातले हुकूम हायकोर्टाच्या संकेतस्थळावर आहेत. अतिक्रमणाबद्दल कोर्टाने कुणाला काय विचारलं, पाण्याच्या नमुन्यांबद्दल काय सांगितलं, ते लोणारचा कुठलाही पोरगा घरी बसून वाचू शकतो. त्याने कुणाचं काय बिघडलं?"

"ते साऱ्यायचं पाणी हाय, बाई. त्यात कोणाची इज्जत नाही. तिथं उघडंच पाह्यजे, माहं बी तेच म्हणणं हाय."

"मग तालुक्याच्या कोर्टात एखाद्या कंत्राटदाराविरुद्ध खटला चालतो, एखाद्या सावकाराने दहा गावांतल्या शेतकऱ्यांवर दावे लावलेले असतात, ते साऱ्यांचं नाही? त्याने इतरांवर काय काय केलंय हे अकराव्या शेतकऱ्याला कळायला नको?"

काका यावर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कळाले पाह्यजे. पण निकालावरून कळू दे. बस्ता उघडून नको."

इथे दोघं जवळ आले होते. निकाल आणि हुकूमनामा मोकळा, निशाणीचे कागद राखीव, अशी रेघ दोघांनाही मान्य होण्यासारखी. माझंही मत त्याच बाजूचं आहे. निकाल देताना न्यायाधीश सगळ्यांच्या वतीने बोलत असतो, निशाणी टाकलेली चिठ्ठी मात्र कुणाची तरी खासगीच राहते. पण या रेघेने लोणारच्या बाईंचा प्रश्न सुटत नव्हता. त्या परक्या नव्हत्या, वादीच्या सून आणि वारस होत्या. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं, कुणी नकारही दिला नव्हता. त्यांच्याकडे नंबर नव्हता, एवढंच.

मुलीने फोन काढला. "आता सगळं ऑनलाइन आहे म्हणतात. ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग कोर्टाचा अंक, प्रकरणाचा अंक, साल. पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. केंद्राने तिसऱ्या टप्प्याला २०२३मध्ये ७२१० कोटी मंजूर केले, त्यात जुने कागद स्कॅन करणंही आहे. पण या बाईंच्या सासऱ्यांचं नाव घातलं तर काहीच येत नाही. इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहिलं."

"येईन कुठून? तवा कॉम्प्युटर होता का? तो दावा रजिस्टरात हाय. अन् समजा आला बी असता, तर स्क्रीनवरचा कागद तलाठी घेईन का? त्याले सही-शिक्क्याची नक्कल लागते."

आणि मग काकांनी जे सांगितलं ते कुठल्या नियमपुस्तकात सलग सापडणार नाही. मी ते त्यांच्या बोलण्यातून उचलून नीट लावून देतो.

कोर्टात जायच्या आधी फेरफार काढायचा. गाव नमुना ६. वाटणीचा हुकूमनामा झाला आणि त्याचा अंमल सातबाऱ्यावर घेतला गेला असेल तर फेरफाराच्या मजकुरात तलाठ्याने कोर्टाचं नाव, दावा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहिलेली असते. जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. तो महसुलाचा कागद असल्याने त्याला कोर्टाचे नियम लागत नाहीत, तिथे माहितीचा अधिकारही चालतो. म्हणजे नंबर कोर्टाबाहेर सापडतो आणि नक्कल कोर्टात मिळते. सातबाऱ्यावर आज दिसणाऱ्या फेरफार क्रमांकापासून एकेक मागे जात राहिलं की बहुतेक वेळा तो सापडतो.

मग कोर्ट कोणतं ते ठरवायचं. इथे जिल्ह्याचा इतिहास माहीत असावा लागतो. आज बुलढाण्यात तेरा तालुके आहेत, पूर्वी पाचच होते. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, जळगाव. लोणार आणि सिंदखेड मेहकर तालुक्यात, देऊळगाव राजा चिखलीत, नांदुरा मलकापुरात, शेगाव खामगावात. त्यामुळे लोणारचा जुना दावा लोणारला शोधून उपयोग नाही, आधी मेहकरला विचारायचं. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून इकडे आले. त्याआधीचा कागद हवा असेल तर अकोल्याला चौकशी करावी लागते. वरच्या कोर्टात अपील झालं असेल तर १९५६च्या आधीचं नागपूर हायकोर्टाचं, नंतरचं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं. १ नोव्हेंबर १९५६ला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं, त्याची ही खूण कागदांत राहिली आहे.

"जातपडताळणीवाले पोट्टे येत माह्याकडं," काका म्हणाले. "ओबीसीले १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागते. कोतवाल बुकात नाही सापडला तर मी सांगो, आज्यानं कधी दावा लावला होता का पाय. जुन्या वादपत्रात नावापुढं जात, वय, धंदा लेयलेला असते. काहीयचं काम त्याच्यावर झालं."

मुलगी हे सगळं लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबून तिने विचारलं, "काका, हे तुम्हाला माहीत आहे म्हणून या बाईंचं काम होईल. तुम्ही नसता तर?"

मला वाटतं, सगळ्या बोलण्यातला कळीचा प्रश्न हाच होता. कागद कुणाला द्यायचा यावर आपण कायदे करतो, निकाल देतो, वाद घालतो. कागद आहे की नाही आणि असला तर कोणत्या नंबरखाली, हे सांगायची जबाबदारी मात्र कुणाच्या गळ्यात नाही. नक्कलेच्या अर्जात क्रमांक आणि साल भरायची जागा असते, आणि ती भरता आली नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. तलाठी, कोर्ट, दुय्यम निबंधक, तिघांकडे एकाच जमिनीचे तीन क्रमांक असतात आणि त्यांची सांगड घालायचं काम विधवेवर पडतं. ज्याला ओळखीचा निवृत्त कारकून आहे त्याला हक्क आहे. ज्याला नाही तो खिडकीवरून परत येतो, आणि त्याला नाकारल्याची नोंदही कुठे होत नाही, कारण त्याने अर्जच केलेला नसतो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: प्रत्येक तालुका न्यायालयातली दिवाणी दाव्यांची जुनी रजिस्टरं तेवढी आधी स्कॅन करावीत. सगळा बस्ता नको. दावा क्रमांक, साल, वादी, प्रतिवादी, गाव, निकालाची तारीख, एवढेच रकाने. ते ई-सेवा केंद्राच्या टेबलावर मराठीत, नावाने आणि गावाने शोधता यावेत. स्कॅनिंगसाठी कोटींची तरतूद आहेच, त्यात पहिला मान रजिस्टरांना मिळावा. कागद कुणाला द्यायचा याचे नियम आज आहेत तसेच राहिले तरी चालतील.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मुलीला ते थोडकं वाटलं. तिला फौजदारी रजिस्टरंही हवी होती. काकांनी हात जोडले. "सुटलेल्या माणसाचं नाव बी त्या रजिस्टरात असते. वीस वर्सानं त्याच्या पोराले कोणी दाखवलं तर?" तिने उत्तर दिलं, "आणि ज्याच्यावर पाच वेळा गुन्हा शाबीत झाला, त्याचं नाव सरपंचपदाच्या वेळी मतदाराला कळू नये?" यावर दोघांचं जमलं नाही. माझंही मन ठाम नाही, म्हणून मी दिवाणीपुरतंच म्हणतो आहे.

मग दोघं अर्जाला लागले. काकांनी पेटीतून एक जुनी नक्कल काढून तिला मागची बाजू दाखवली. निळसर शाईचा शिक्का, त्यात तीन ओळी. अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. पुढच्या पानावरचा निकाल सगळे वाचतात, मागचा शिक्का कुणी बघत नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात, आणि १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. पण नक्कल तयार असून आपण न्यायला गेलो नाही, ते दिवस आपल्या पदरी. "कितीक अपिलं त्या दुसऱ्या अन् तिसऱ्या ओळीच्या मधात मेली," काका म्हणाले. आपल्या जुन्या दाव्याला आता अपिलाचा प्रश्न नाही हे ठाऊक असूनही मुलीने त्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवला.

फीचा विषय निघाला तेव्हा तिने काकांना एक नवी गोष्ट सांगितली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत विधी साहाय्याला पात्र आहे, तिचं उत्पन्न बघत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही तसंच. आणि त्या साहाय्यात नकला मिळवून देणंही येतं. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. काकांनी हे ऐकून विचारलं, "मग त्या खिडकीवर तिले हे कोणी सांगितलं काऊन नाही?" या प्रश्नावर त्यांचा आवाज पहिल्यांदा मुलीसारखा चढला.

अर्जाचा मजकूर काकांनी सांगितला, तिने लिहिला. वादी-प्रतिवादींची पूर्ण नावं, गाव, जमिनीचा गट नंबर, जुना सर्व्हे नंबर. साल नक्की नसल्याने १९६८ ते १९७३ या सालांची रजिस्टरं पाहून क्रमांक शोधावा अशी विनंती. वारसाचा दाखला सोबत. हुकूमनाम्याची नक्कल, आणि वाटणीचा तक्ता असेल तर त्याचीही.

शेवटी काकांनी एक ओळ वाढवायला सांगितली. १९१७च्या अभिलेख नाश कायद्याखाली न्यायालयांना ठरावीक मुदतीनंतर काही कागद नष्ट करता येतात. हुकूमनाम्यासारखे कागद ठेवतात, बाकीचे जातात, पण वाळवी आणि गळकं छप्पर असा भेद करत नाही. म्हणून ओळ अशी: "सदर अभिलेख नष्ट झाला असल्यास किंवा मिळून येत नसल्यास तसे लेखी कळवावे."

"हे लेखी उत्तर म्हणजे नकारच ना, काका?" ती म्हणाली.

"नकार नाही, पुरावा हाय तो. अस्सल कागद नाश झाला असं कोर्टच लेहून देते, तवा दुय्यम पुरावा पुढं करता येते. फेरफाराची नोंद चालंल, दुसऱ्या भावाच्या घरची नक्कल चालंल. तोंडी उत्तर घेऊन तिले घरी पाठवू नको. हो म्हणो का नाही म्हणो, कागदावर घे."

तिने ती ओळ अर्जात घातली, आणि खाली बाईंच्या अंगठ्यासाठी जागा सोडली.